कारखाना वाचला, पण दार कोणासाठी उघडलं?

ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात, पाँपेइया भागात, लोखंडी पिंपं बनवणारा एक जुना कारखाना होता. विटांच्या भिंती, एकमेकींना लागून उभ्या असलेल्या शेड आणि मधून जाणारा फरसबंद रस्ता. व्यापार आणि सेवाक्षेत्रातल्या कामगारांसाठी १९४६ मध्ये स्थापन झालेल्या 'सेस्क' या संस्थेने १९७१ मध्ये ही जागा विकत घेतली. जुनं पाडून नवं केंद्र बांधावं, असा आधीचा विचार होता. पुढे १९७७ मध्ये हे काम लीना बो बार्डी या वास्तुरचनाकार बाईंकडे आलं. इटलीत जन्मलेल्या बो बार्डी ब्राझीलमध्ये स्थायिक झाल्या होत्या. पहिल्या भेटीत त्यांना रिकाम्या शेडचा सांगाडा दिसला आणि तो त्यांना आवडला. दुसऱ्यांदा त्या एका शनिवारी गेल्या, तेव्हा तिथे माणसं होती. मुलं धावत होती, गळक्या छपराखाली पोरं फुटबॉल खेळत होती, आया दारापाशी खाण्याचं करत होत्या, बाहुल्यांचा खेळ रंगला होता. आपल्याला इथे काय करायचं आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. जे चाललंय ते चालू राहायला हवं होतं.

बंद पडलेल्या कारखान्याचं काय करावं, या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही. बो बार्डींनी भिंतींवरचा गिलावा काढला, आतल्या मधल्या भिंती पाडल्या आणि शेड एकसंध मोकळ्या केल्या. एका शेडमध्ये वाचनालयासाठी काँक्रीटचे बुटके मजले उभे केले, पण ते चहूबाजूंनी उघडे ठेवले. त्याच छपराखाली जमिनीतून वळणं घेत जाणारा पाण्याचा उथळ ओहोळ काढला आणि शेकायला एक मोठी चूल मांडली. कोणी तिथे पेपर वाचतं, कोणी बुद्धिबळ खेळतं, कोणी नुसतंच पाण्याकडे बघत बसतं. दुसऱ्या शेडमध्ये मातीकाम, लाकूडकाम, छपाई अशी कामं शिकण्याच्या कार्यशाळा आहेत. त्यांच्यामधल्या भिंती इतक्या ठेंगण्या आहेत की शेजारी काय चाललंय ते सहज दिसतं. तिसरीकडे नाट्यगृह आहे. खेळांसाठी जागा हवी होती, पण मोकळ्या तुकड्याखालून झाकलेला ओढा वाहत होता आणि त्यावर बांधकाम करता येत नव्हतं. म्हणून ओढ्याच्या दोन बाजूंना काँक्रीटचे दोन मनोरे उभे राहिले, हवेतून जाणाऱ्या पुलांनी ते जोडले गेले आणि ओढ्यावर लाकडी फळ्यांचा लांब ओटा अंथरला गेला. समुद्र नसलेल्या या शहरातली माणसं त्या ओट्यावर उन्हात पडून असतात. केंद्र १९८२ मध्ये सुरू झालं, मनोरे १९८६ मध्ये झाले.

आत जायला पैसे लागत नाहीत. का आलात, असं कोणी विचारत नाही. हा कोणा एकाचा चांगुलपणा नाही. त्यामागे पैशाची व्यवस्था आहे. ब्राझीलमधल्या व्यापारी आस्थापनांना आपल्या पगारखर्चाच्या दीड टक्का रक्कम सेस्कला द्यावीच लागते. त्यामुळे केंद्र चालवणाऱ्यांना महिन्याचा मेळ घालण्यासाठी प्रत्येक कोपरा भाड्याने द्यावा लागत नाही. जुन्या औद्योगिक इमारतींवर लिहिताना लोक विटांच्या रंगावर आणि लोखंडी कैच्यांवर पानंच्या पानं खर्च करतात. ही दीड टक्क्याची ओळ मात्र क्वचितच वाचायला मिळते, आणि माझ्या मते सगळी इमारत उभी आहे ती त्या ओळीवर.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण जगभर जुने कारखाने वाचवण्याची लाट आली आहे आणि तिचं सरसकट कौतुक चाललं आहे. वखारींची उपाहारगृहं झाली, गिरण्यांची कार्यालयं झाली, विजेच्या केंद्रांचे मॉल झाले. पाडापाडी टळली म्हणजे काम फत्ते झालं, असं मानलं जातं. इमारत वाचली याचा आनंद मलाही होतो. पण ज्या वस्तीने त्या कारखान्याचा धूर वर्षानुवर्षं छातीत घेतला, त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसाला खिशात दमडी नसताना तिथे दुपारभर बसता येतं का, हे विचारल्याशिवाय तो आनंद मला पुरा वाटत नाही.

लंडनमध्ये थेम्सच्या काठावर विजेची दोन जुनी केंद्रं आहेत, दोन्ही वास्तुरचनाकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांच्या नावाशी जोडलेली. बँकसाइडचं केंद्र १९८१ मध्ये बंद झालं आणि २००० मध्ये तिथे 'टेट मॉडर्न' हे कलासंग्रहालय उघडलं. जिथे जनित्रं होती ते अजस्र दालन जवळजवळ रिकामं ठेवलं गेलं. रस्त्यावरून उतरती वाट थेट त्या दालनात जाते, तिकीट नाही. २००३-०४ च्या हिवाळ्यात तिथे एक कृत्रिम सूर्य लावला होता आणि छताला आरसे होते. तेव्हा लोक जमिनीवर उताणे पडून स्वतःचं प्रतिबिंब बघत होते. अनोळखी माणसं मिळून आपल्या देहांचे आकार जुळवत होती. इतक्या मोठ्या जागेचं काय करायचं हे लोकांना शिकवावं लागलं नाही.

बॅटरसीचं केंद्र १९८३ मध्ये बंद पडलं. ते मालकामागून मालक बदलत राहिलं आणि अखेर २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं. चार धुराडी जीर्ण झाली होती, म्हणून ती उतरवून हुबेहूब तशीच पुन्हा बांधली. आत दुकानं, एका बड्या तंत्रज्ञान कंपनीची कार्यालयं आणि महागडी घरं आहेत. समोर उद्यान आहे, हेही सांगायला हवं. पण सगळ्या प्रकल्पात परवडणारी घरं ६३६ बांधायची ठरली होती, ती २०१७ मध्ये ३८६ वर आणली गेली. खर्च वाढला, हे कारण दिलं गेलं. धुराडी जशीच्या तशी परत उभी राहिली, कारण तशी अट होती. घरांच्या बाबतीत अट वाकवता आली. वारशाचे नियम धुराड्यांचं रक्षण किती काटेकोरपणे करतात आणि माणसांच्या वाट्याचं रक्षण किती सैलपणे, हे यातून उघड दिसतं. म्हणूनच इमारत वाचवण्याच्या नियमांइतकेच कडक नियम तिच्या वापराला हवेत, असं मी म्हणतो.

यावर लगेच विचारलं जातं की कारखाना खाजगी मालकीचा होता. मालक त्याचं काहीही करील, लोकांचा त्यावर हक्क कुठून आला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही. कारखाना नुसत्या मालकाच्या भांडवलावर उभा राहत नाही. त्याला नदीचं किंवा कालव्याचं पाणी लागतं, रेल्वेचा फाटा लागतो, रस्ते लागतात, चालत पोहोचता येईल अशा अंतरावर राहणारी हजारो माणसं लागतात. यातलं पुष्कळसं सार्वजनिक पैशातून आलेलं असतं. दूषित पाणी आणि धूर वस्तीच्या वाट्याला येतो. मग कारखाना बंद पडतो आणि तोपर्यंत गावाबाहेरची ती जमीन शहराच्या मधोमध आलेली असते. तिची किंमत वाढली ती मालकाने काही केलं म्हणून वाढलेली नसते, शहर वाढलं म्हणून वाढलेली असते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, कारखान्याच्या जमिनीवर कार्यालयं किंवा घरं बांधायची तर जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी लागते. ती परवानगी शासन देतं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वतीने दिली जाते. सहीच्या एका फटकाऱ्याने जमिनीचं मोल कितीतरी पटींनी वाढतं. त्या वाढीतला एक वाटा उघड्या, छपराखालच्या, कायमच्या सार्वजनिक जागेच्या रूपात परत मागणं ही भीक नाही, तो साधा व्यवहार आहे.

असा वाटा कागदावर मिळूनही हातातून कसा निसटतो, याचं उदाहरण मुंबईच्या कापड गिरण्यांच्या जमिनीचं आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: एक मोकळ्या सार्वजनिक जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातून बाहेर गेली. प्रकरण न्यायालयात गेलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. मूळ नियमातही एक उणीव होती, असं मला वाटतं. त्यात जमिनीचे चौरस मीटर मोजले होते. उभ्या असलेल्या शेडचं लोकांसाठी काय करता येईल, याचा विचार त्या वाटणीत नव्हता. मोकळा भूखंड कोणीही नंतर वळवू शकतो. माणसांनी भरलेली, रोज वापरातली इमारत वळवणं कितीतरी अवघड असतं.

फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या केबल कारखान्याची गोष्ट याच कारणासाठी अभ्यासण्याजोगी आहे. नोकियाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथून बस्तान हलवायला सुरुवात केली आणि रिकामे होत जाणारे मजले चित्रकारांना, नर्तकांना, वादकांना तात्पुरत्या भाड्याने दिले. जागा शहराकडे जायची होती आणि तिचे तुकडे पाडून पुनर्विकास करण्याची योजना होती. भाडेकरूंनी संघटना काढली, स्वतःचा पर्यायी आराखडा मांडला, आकडे मांडले. १९९१ मध्ये शहराच्या मालकीची एक स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि इमारत तिच्याकडे सोपवली गेली. ही कंपनी भाड्याच्या उत्पन्नावर चालते, त्याच पैशातून डागडुजी करते. आज तिथे स्टुडिओ आहेत, संग्रहालयं आहेत, नृत्याच्या शाळा आहेत, आणि २०२२ मध्ये त्याला जोडून नृत्यासाठी खास सभागृह झालं. भाडेकरू आधी आत होते, आराखडा नंतर आला. माझ्या मते हा क्रम निर्णायक ठरला.

फ्रान्समधल्या मार्सेय शहरात तंबाखूचा कारखाना १९९० मध्ये बंद झाला, १९९२ मध्ये कलावंत आत आले आणि २००७ पासून ती जागा सहकारी कंपनी चालवते. तिथे काम करणारे गट आणि सार्वजनिक संस्था एकाच टेबलाशी बसून निर्णय घेतात. नाटकांच्या तालमींसोबत तिथे पाळणाघर आहे, मुलांचं मैदान आहे, स्केटिंगची जागा आहे, आणि वर अवाढव्य गच्ची लोकांसाठी उघडी असते. हा भाग शहरातल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक. कलाकेंद्रात पाळणाघर कशाला, असं एखाद्या आराखडाकाराला वाटेल. पण तान्हं मूल सोडायला रोज येणारी बाई त्या जागेला जितकी आपली मानते, तितकी प्रदर्शन बघायला वर्षातून एकदा येणारा रसिक मानत नाही.

एक आक्षेप मला मनापासून छळतो. जागा कितीही चांगल्या हेतूने उघडली, तरी तिच्यामुळे आसपासची भाडी वाढतात आणि ज्यांच्यासाठी उघडली तेच उठून जातात. हे घडलेलं आहे. बीजिंगमध्ये १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीने बांधलेल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याच्या परिसरात, ज्याला आज '७९८' म्हणतात, कलावंत स्वस्त जागेसाठी आले. परिसर प्रसिद्ध झाला, भाडी चढली आणि अनेकांना निघावं लागलं. न्यूयॉर्कमध्ये मालवाहू रेल्वेच्या बंद पडलेल्या उन्नत मार्गावर २००९ मध्ये 'हाय लाइन' हे उद्यान सुरू झालं. पर्यटकांची रीघ लागली, शेजारी आलिशान इमारती उभ्या राहिल्या, आणि जवळच्या सार्वजनिक गृहसंकुलांतली माणसं मात्र तिथे फारशी फिरकेनात. उद्यानासाठी झटलेल्या रॉबर्ट हॅमंड यांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं की उद्यान कसं दिसावं हे लोकांना विचारलं, पण तुमच्यासाठी आम्ही काय करू शकतो हे विचारायला हवं होतं. एवढी प्रामाणिक कबुली सार्वजनिक कामात क्वचित ऐकू येते.

मग असं काही करूच नये का? मला ते पटत नाही. चांगली जागा केली तर गरिबांना हुसकलं जाईल म्हणून त्यांच्या वस्तीत भकास कारखाना तसाच ठेवावा, हा तर्क गरिबांच्या नावाने गरिबांवरच उलटतो. उपाय जागेच्या बाहेर शोधावा लागतो: कारखान्याच्या भोवतीच्या भाडेकरूंना संरक्षण, परवडणाऱ्या घरांची अट आधीच करारात, आणि आतल्या भाड्यावर मर्यादा. हे सगळं उद्घाटनाच्या आधी व्हायला हवं. नंतर हातात काही उरत नाही, कारण तोवर जमिनीचे भाव स्वतःची बाजू लढवायला लागलेले असतात.

दुसरा आक्षेप विषाचा. कारखान्यांच्या मातीत शिसं असतं, डांबर असतं, छपरांत ॲस्बेस्टॉस असतं. तिथे मुलांना खेळायला सोडणार का? नुसत्या उत्साहाने हे प्रश्न सुटत नाहीत. अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये १९५६ मध्ये बंद झालेल्या गॅस कारखान्याच्या जागेवर रिचर्ड हॅग यांनी आखलेलं उद्यान १९७५ मध्ये खुलं झालं. जुनी यंत्रं जागच्या जागी ठेवली, मातीतल्या जिवाणूंकडून प्रदूषण नष्ट करून घेण्याचा प्रयोग केला. तरीही मातीचा आणि तळ्याच्या तळाचा प्रश्न कित्येक दशकं टिकून राहिला. काही ठिकाणी इमारत पाडणंच शहाणपणाचं असतं, आणि ते म्हणायला वारसाप्रेमींनी कचरू नये.

पण जर्मनीतल्या डुइसबुर्गच्या लोखंड कारखान्याने दाखवून दिलं की विष आहे म्हणून सगळंच संपत नाही. हा कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. रूर खोऱ्यात कोळसा आणि पोलाद एकामागून एक थंडावत होतं, हजारोंचं काम जात होतं. १९८९ ते १९९९ या काळात तिथे एक मोठा प्रादेशिक कार्यक्रम राबवला गेला आणि उद्यानरचनाकार पीटर लात्झ यांनी या कारखान्याचं उद्यान केलं. त्यांनी जमीन एका फटक्यात स्वच्छ करण्याचा हट्ट धरला नाही. सर्वांत विषारी भाग बंदिस्त करून टाकला, जिथे धोका कमी होता तिथे झाडं आपणहून वाढू दिली, आणि माणसांना कुठे जाता येईल, कुठे नाही, हे वाटांनी ठरवलं. पूर्वी सांडपाणी वाहून नेणारा प्रवाह जमिनीखालच्या नळात घातला आणि वर पावसाचं स्वच्छ पाणी सोडलं. ओतशाळेत वापरलेले लोखंडाचे ४९ जाड पत्रे मांडून एक चौक केला. कच्चं खनिज साठवण्याच्या भिंतींवर आता गिर्यारोहक चढतात. वायूची टाकी पाण्याने भरून पाणबुड्यांना शिकायला दिली आहे. भट्टीवर चढून जाता येतं. उद्यान रात्रंदिवस उघडं असतं, प्रवेश विनामूल्य. थोड्याच अंतरावर एस्सेनच्या त्सोल्फेराइन कोळसा खाणीला २००१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, आणि त्याच वर्षी तिथल्या कोक भट्ट्यांशेजारी मालवाहू कंटेनर जोडून पोहण्याचा तलाव केला गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आसपासची मुलं तिथे डुंबतात. जागतिक वारशाच्या आवारात पोरांचा कल्ला चालतो, यापेक्षा त्या वारशाचा मोठा सन्मान मला सुचत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर जुनी शेड वापरणं प्रत्येक वेळी स्वस्तच पडतं असं नाही. उंच छपरं तापवायला आणि गार करायला महाग, आवाज घुमतो, जिने, अग्निसुरक्षा, स्वच्छतागृहं नव्याने करावी लागतात. पण या अडचणींवर डोकं चालवणारेही आहेत. नेदरलँड्समधल्या टिलबुर्ग शहरात १९३२ चं रेल्वे इंजिनं दुरुस्तीचं दालन २०१९ मध्ये सार्वजनिक वाचनालय झालं. सुमारे ९० मीटर लांब, ६० मीटर रुंद आणि १५ मीटर उंच काच-लोखंडाची ही पेटी संपूर्ण तापवायची तर दिवाळंच निघालं असतं. त्यांनी माणसं जिथे बसतात तेवढीच जागा उबदार ठेवली, आणि छपरापासून जमिनीपर्यंत सरकणारे भलेमोठे कापडी पडदे लावले. पडदे ओढले की व्याख्यानाची खोली होते, सारले की पुन्हा चौक. रुळांवरच्या चाकांवर टेबलं फिरतात. आणि जे उभं आहे ते पाडून नव्याने सिमेंट-पोलाद ओतण्याचा जो भार पृथ्वीवर पडतो, तो वाचतो. हा हिशेब नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत क्वचितच धरला जातो, धरला पाहिजे.

कारखान्याच्या इमारतीत काही गुण असे आहेत की ते मुद्दाम बांधलेल्या समाजमंदिरात सहसा येत नाहीत. दोन खांबांतलं अंतर मोठं असतं, कारण यंत्रं मोठी होती. करवतीच्या दात्यांसारख्या छपरातून एकसारखा उजेड पडतो, कारण कामगाराला धागा किंवा माप नीट दिसायला हवं होतं. जमीन दणकट असते, दारं रुंद असतात. कुठल्याच खोलीवर तिचं काम कायमचं लिहिलेलं नसतं, त्यामुळे सकाळी बाजार, दुपारी शिकवणी, संध्याकाळी नाटक असं काहीही तिथे मावतं. शिवाय अशा जागेत पाय टाकताना कोणी बिचकत नाही. संगमरवरी पायऱ्या पाहून जो माणूस बाहेरच थांबतो, तो शेडमध्ये बिनधास्त शिरतो.

आणि त्या शेडमध्ये ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांचं काय? पुनर्वापराच्या बहुतेक प्रकल्पांत एखादं यंत्र रंगवून दाराशी उभं करतात आणि भिंतीवर चार जुने फोटो लावतात. मला हे अपुरं वाटतं, आणि थोडं दुखावणारंही. त्सोल्फेराइनमध्ये एकेकाळी खाणीत उतरलेली माणसं पाहुण्यांना परिसर दाखवत आली आहेत. कुठे काय होत असे, आवाज किती होता, धूळ कुठे साचायची, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण मी त्याहून पुढे जाईन. ही जागा चालवणाऱ्या नव्या मंडळात जुन्या कामगारांच्या आणि वस्तीच्या प्रतिनिधींना मत हवं, नुसती निमंत्रणपत्रिका नको. कोणत्या पाळीत कोणतं खातं चाललं, कुठे अपघात झाले, कुठे संपाची सभा भरली, याची नोंद त्यांच्या तोंडून, ते हयात आहेत तोवर व्हायला हवी. बंद पडलेल्या कारखान्याबाबत सगळ्यात लवकर नाश पावते ती हीच गोष्ट. विटा अजून पन्नास वर्षं वाट पाहतील.

म्हणून कारखाना बंद झाल्याची बातमी येते, तेव्हाच नगरपालिकेने काही गोष्टी कराव्यात असं मला ठामपणे वाटतं. आराखड्याची स्पर्धा जाहीर करायच्या आधी माती आणि छप्पर तपासून घ्यावं, जेवढा भाग धोक्याचा नाही तेवढा कुंपणाबाहेर काढावा, आणि तो वस्तीतल्या मंडळांना, शाळांना, बचतगटांना, तालमी करणाऱ्यांना नाममात्र भाड्याने दोन-तीन वर्षांसाठी द्यावा. त्या काळात कोण काय करतं, कुठे गर्दी होते, कुठे कोणी फिरकत नाही, हे पाहावं. जमिनीचा वापर बदलण्याच्या परवानगीत किती चौरस मीटर छपराखालची जागा कायम विनामूल्य उघडी राहील, किती वाजेपर्यंत, आणि स्वच्छतागृह व पिण्याचं पाणी कोणाच्या खर्चाने, हे आकड्यांत लिहावं. मालकी विकासकाकडे न जाता सार्वजनिक कंपनीकडे किंवा सहकारी संस्थेकडे राहावी, आणि रोजच्या खर्चाचा स्रोत कायद्याने बांधलेला असावा. वास्तुरचनाकाराला बोलवायचं ते यानंतर, आणि त्यानेही पहिली भेट सुट्टीच्या दिवशी द्यावी.